वसंतभाऊंची पिवळी रेषा

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाची एक गंमत असते. रेडिओ दुरुस्त झाला की मालक येऊन घेऊन जातो, पण त्याच्यासोबत आलेला किस्सा तिथेच सोडून जातो! नंदुरबारला स्टेशन रोडवर वसंतभाऊंच्या दुकानात असे किस्से वाल्व्हच्या खोक्यांमागे साचत गेले. साठ सालानंतरची ती वर्षं. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि सकाळची शाळा सुटली की दुपारभर तिथे पडीक असायचो. दाराला काळा पडदा, आत गार अंधार, तापलेल्या वाल्व्हचा वास. अर्ध्या झोपेत गेल्यासारख्या त्या दुपारी होत्या.

आधी हे सांगायला हवं की वसंतभाऊंना ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ते फौजेच्या वायरलेस वर्कशॉपात होते. तिथे कानांना जे लागलं ते वाढतच गेलं आणि शेवटी दोन्ही कान पार गेले. बहिरा माणूस रेडिओ दुरुस्त करतो! पण त्यांच्याकडे लढाईनंतर भंगारात घेतलेला एक स्कोप होता. लोखंडी पेटी, पुढे बशीएवढी गोल काच, आणि काचेवर नाचणारी आवाजाची हिरवी रेषा. आपण जे ऐकतो ते भाऊ बघायचे.

एकदा धानोऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला त्यांची परीक्षा घ्यायची हुक्की आली. त्याने गुपचूप रेडिओचं बटण पिळून आवाज बंद केला आणि हाताने खूण केली, 'वाजत नाही!' भाऊंनी स्कोपची वायर आत लावली, काचेकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई चांगली बोली ऱ्हायनी. तूच तिले गप करेल शे!"

कान गेल्यापासून त्यांचं स्वतःचं बोलणं फार मोठं झालं होतं. ते दुकानात कुजबुजले तरी समोरचा पानवाला मान वळवायचा.

*

जगन पाटील हा तापीकाठचा गुजर, केळीचा बागायतदार. पुढे आमचा दोस्त झाला, पण पहिल्या दिवशी भांडूनच गेला होता. हा राम राम करतोय, आणि भाऊ आपले डावा हात खिशात घालून उजव्या हाताने काम करताहेत! मानही वर नाही.

"इतला माज?" पाटील कडाडला.

मी त्याला बाहेर नेऊन समजावलं. ऐकू येत नाही, ही एक गोष्ट. आणि ते उघडून बसलेत त्या स्कोपच्या पोटात हजारच्या वर व्होल्ट असतात. दुसरा हात पेटीला लागला तर झटका सरळ छातीतून जातो. म्हणून एक हात खिशात ठेवायचा, असा या धंद्याचा नियमच आहे.

दुसऱ्या दिवशी पाटील पुन्हा आला. दारातच थबकला. दोन्ही हात खिशात!

"काय भरोसा, गुरुजी," तो म्हणाला. "मी ते दोन्ही घाली लिनात!"

*

मग ती काच म्हातारी व्हायला लागली. आतली नळीच मंद पडत चालली होती. आधी रेषा फिकट झाली. भाऊंनी पडदा दुहेरी केला, खिडकीला पुठ्ठा मारला. शेवटी वहिनींची गोधडी आणली. भर उन्हाळ्यात भाऊ आणि मी गोधडी पांघरून, डोक्याला डोकं लावून, काजव्याएवढा उजेड शोधतोय! घामाच्या धारा!

इंदूवहिनी चहा घेऊन आल्या. गोधडीखाली चार पाय बघून त्यांनी पाटलाला विचारलं, "कोणले हिव भरेल शे?"

हसलो खरे, पण गोधडीच्या आत भाऊ मला म्हणाले होते, "गुरुजी, हाई नळी गई का मन्हं दुकान बी गयं." त्यांचे कान तेवढेच उरले होते.

वहिनींचं एक माझ्या लक्षात आलं होतं. भाऊंशी त्या बोलतच नसत. चहा, जेवण, गिऱ्हाईक, सगळं हाताच्या खुणांनी चालायचं. मी एकदा म्हटलं, "वहिनी, कानाशी मोठ्याने बोलून बघा ना."

"बोली देखं ना मी. पण सगळ्याच गोष्टी बोंबलीसन सांगता येतस का, गुरुजी?" त्या म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या. मला फार वाईट वाटलं.

*

दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईच्या जुन्या बाजारातून नळी आणली. सुरतेहून पॅसेंजरने नंदुरबारपर्यंत मांडीवर! फुटली तर काचा छर्ऱ्यासारख्या उडतात, म्हणून दुपट्यात गुंडाळलेली. समोरची बाई बराच वेळ कौतुकाने बघत होती.

"रडत नाही हो अजिबात," ती म्हणाली. "मुलगा की मुलगी?"

"नळी," मी म्हणालो.

नवापूरपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही!

*

नळी बसली. सॉकेटात पाया जुळला, उजेडही लख्ख पडला, पण भाऊंचा चेहरा उतरला. ही निघाली रडारची! रेषा निळी उमटायची आणि गेल्यावर तिच्या जागी पिवळा उजेड रेंगाळत राहायचा. नवी रेषा जुनीवर चढे, सगळा गुंता. काम कसं करणार?

दोन दिवस भाऊ जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी गणपतीच्या आराशीतला निळा जिलेटिन कागद काचेवर चिकटवला. पिवळं दिसेनासं झालं, निळी रेषा तेवढी उरली. दुकान वाचलं!

पण आम्हाला पिवळ्याचीच चटक लागली होती. काम संपलं की भाऊ कागद काढायचे आणि लग्नाला भाड्याने द्यायचा माईक जोडायचे. पाटील "हॅलो" म्हणायचा आणि त्याचा हॅलो काचेवर पडून राहायचा, हळूहळू विझायचा. बाजाराच्या दिवशी धडगावचा फत्तेसिंग यायचा आणि माईकसमोर आपली भोपळ्याची पावरी फुंकायचा. सूर थांबला तरी काचेवर डोंगरांची रांग तशीच उभी! आम्ही श्वास रोखून ती मावळताना बघत बसायचो.

"हाऊ मन्हा सातपुडा!" फत्तेसिंग म्हणायचा.

"कसाना सातपुडा? हाई मन्ही तापी!" पाटील म्हणायचा.

दोघांनी खुणेनं भाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, "माले ते व्होल्टच दिखतस!"

*

अशाच एका बाजाराच्या दुपारी वहिनी चहा घेऊन आल्या. कागद काढलेला होता. भाऊंनी माईक त्यांच्यापुढे धरला आणि बोल, अशी मान हलवली. वहिनी लाजल्या. मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बठा."

आम्ही तिघं चहा घेऊन ओट्यावर आलो. पडद्याच्या फटीतून भाऊंचा चेहरा तेवढा दिसत होता, आधी निळा, मग पिवळा. वहिनी काय बोलल्या ते आम्हाला अजिबात ऐकू आलं नाही. दोन-तीन शब्द असतील. भाऊ काचेकडे बघत राहिले, पिवळं पार विझेपर्यंत. पाटलाने कप खाली ठेवला, दोन्ही हात खिशात घातले आणि तो रस्त्याकडे बघायला लागला.

आणि मग वसंतभाऊ कुजबुजले. समोरच्या पानवाल्याने मान वळवली.

"माले बी!"