अँजेलिनाबाईंचा लॅपटॉप बिघडलाच नव्हता

ही गोष्ट २००६ सालची. आज सांगतानाही माझं डोकं तापतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

अँजेलिना रॉड्रिग्ज मालवणात कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंग करायच्या. मी परशुराम, त्यांच्या शेजारच्या टेबलावर स्टॅम्पपेपर विकायचो. बावीस वर्षं आमच्या दोन टेबलांत हातभर अंतर होतं. बाई एकट्या, वय अठ्ठेचाळीस. कोणी अर्ज टाईप करायला आला की त्या आधी सातबारा मागायच्या. सर्व्हे नंबर स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक अक्षर उमटवायच्या नाहीत. लोक वैतागायचे. पण त्यांनी टाईप केलेला अर्ज चुकीसाठी परत आलेला मी कधी पाहिला नाही.

टाईपरायटरचे दिवस संपले तेव्हा लोकांना अर्ज कॉम्प्युटरवरचाच हवा झाला. आणि इथे तर दिवसाचे सहा-सहा तास भारनियमन. मग त्यांचा भाऊ मेल्रॉय, जो मालवाहू जहाजावर नोकरीला होता, त्याने आपला जुना लॅपटॉप बहिणीला दिला. सहा वर्षं वापरलेला, जाडजूड आणि काळा. बॅटरी सव्वा तास चालायची. बाई त्यावर टाईप करायच्या, फ्लॉपीत भरायच्या आणि जनरेटर असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापून आणायच्या. वीज गेली की इतरांचं काम थांबायचं, बाईंचं नाही.

पण मराठी टायपिंगचं नवं सॉफ्टवेअर टाकल्यावर मशीन रांगायला लागलं. एक ओळ टाईप केली की अक्षरं मागून, दमून आल्यासारखी उमटायची. मेमरी वाढवावी लागेल, असं सगळ्यांनी सांगितलं. बाई एसटीने कुडाळला गेल्या. तिथे स्टँडच्या मागे निकेत नावाच्या तिशीतल्या माणसाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याने आतल्या मेमरीच्या चौसष्ट एमबीच्या दोन पट्ट्या काढल्या, दोनशे छप्पनची एक नवी बसवली आणि म्हणाला, "झालं मॅडम, आता पळेल."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बाईंनी मशीन चालू केलं. सुरुवातीला काळ्या पडद्यावर आकडे मोजत जातात, ते त्या बघत बसल्या.

"परशुभाऊ, आधी एकशे अठ्ठावीस दाखवी होतो. आताय एकशे अठ्ठावीसच दाखवता. मगे वाढलां काय?"

मला काय कळणार? मी म्हटलं, फोन करून विचारा. त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर आलं, की मॅडम, अर्धी मेमरी विंडोज आतल्या आत वापरतं, ती दिसत नाही. बाईंनी फोन ठेवला, पण हे त्यांना पटलं नव्हतं. जे विंडोज मशीनने अजून सुरूच केलं नाही, ते आतल्या आत मेमरी वापरणार कसं?

तिसऱ्या दिवशी आचऱ्याच्या सीताबाई आल्या. माडांच्या बागेच्या हद्दीचा वाद, सात पानांचं निवेदन, तारीख दुसऱ्या दिवशीची. सहाव्या पानावर पडदा निळा झाला आणि मशीन ठप्प. परत चालू केलं, परत निळं. सहाही पानं गेली. सीताबाई पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. बाईंनी तिथेच कागद घेतला आणि सातच्या सात पानं हाताने लिहून दिली. अक्षर छापल्यासारखं. पण त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबा उघडला नाही.

त्या पुन्हा कुडाळला गेल्या. निकेतने मशीन उलटंसुलटं केलं आणि निकाल दिला, मदरबोर्ड गेला. "मॅडम, तुमच्या मालवणातली खारी हवा. जुनी मशीनं त्यात टिकतच नाहीत. हे इथेच ठेवून जा, मी तुम्हाला नवीन घेताना सूट देतो."

बाई म्हणाल्या, "माझा भाऊ हाच लॅपटॉप घेऊन सहा वर्षं भर समुद्रात होता. तेव्हा नाही लागली खारी हवा?"

निकेत हसला. "ते टेक्निकल असतं मॅडम, तुम्हाला नाही कळणार."

बाईंनी आपल्या जुन्या दोन पट्ट्या मागितल्या. त्या म्हणे टाकून दिल्या होत्या. बाई खुर्चीवर बसल्या आणि सांगितलं, सापडेपर्यंत मी इथेच आहे. पंधरा मिनिटांनी पट्ट्या टेबलाच्याच ड्रॉवरमधून निघाल्या. माणसाची वस्तू त्याच्या हातात न देता ड्रॉवरमध्ये सरकवायची आणि वर फेकली म्हणून सांगायचं, ह्याला काय म्हणतात?

घरी येऊन त्यांनी स्वतः मशीन उघडलं. खाली दोन स्क्रू, त्याखाली झाकण, आत पट्ट्या बसवायच्या दोन खाचा. नवी पट्टी काढली, जुन्या दोन्ही बसवल्या. मशीन सुरू झालं आणि दिवसभर एकदाही निळं पडलं नाही. मग एकेक जुनी पट्टी दोन्ही खाचांत आलटून पालटून लावली. दोन्ही खाचा ठीक. नवी लावली की मात्र दोन्ही खाचांत एकशे अठ्ठावीस, आणि तासाभरात निळा पडदा. खोडरबराने तिच्या कडेचे सोनेरी दात पुसून बघितले, तरी तेच. हे सगळं त्यांनी वहीत तारीख-वेळेसकट लिहिलं.

"परशुभाऊ, बोर्ड बरो आसा," सकाळी त्यांनी मला वही दाखवली. "तो माझ्याशी खोटां बोललो."

मशीनच्या बुडावरचा नंबर लिहून घेऊन त्या सायबर कॅफेत गेल्या. दोन तास बसून बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक शोधलं आणि त्याचं पान छापून आणलं. गोष्ट अगदी साधी होती. मेमरीच्या पट्टीवर काळे चौकोनी तुकडे असतात, त्यांना चिप म्हणतात. त्या सालच्या मशीनला दोनशे छप्पनची पट्टी चालायची, पण सोळा चिपांची. पुढे आलेल्या पट्ट्यांत आठच चिपांत तेवढीच मेमरी दाटून भरलेली असते. पट्टी खाचेत बसते, सारखीच दिसते, पण जुन्या मशीनला प्रत्येक चिपमधली अर्धीच मेमरी वाचता येते, आणि त्या गोंधळात ते मध्येच ठप्प होतं. बाईंनी नवी पट्टी उजेडात धरली. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार.

शनिवारी कचेरी बंद होती. बाई म्हणाल्या, "तुमी येतास कुडाळाक? माका साक्षीदार व्हयो."

मी गेलो, आणि तिथे जे बघितलं त्याने माझंच रक्त उसळलं. बाई बोलत होत्या आणि निकेत उत्तर मला देत होता! "काका, तुम्ही जरा ह्यांना समजावा. लेडीजना हे हार्डवेअर समजवणं कठीण असतं."

मी म्हटलं, "माका ह्यातलां ओ का ठो कळना नाय. त्यांका कळता. त्यांच्याशी बोल."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. बाईंनी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि काउंटरवरच मशीन उलटं केलं. जुन्या पट्ट्या घातल्या. एकशे अठ्ठावीस. नवी घातली. एकशे अठ्ठावीस.

"राहिलेली अर्धी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. बाई रागावल्या की आवाज चढत नसे, उलट शुद्ध मराठी आणखी शुद्ध व्हायचं.

"मॅडम, मेमरी कंपनीची आहे, सीलबंद."

"मेमरी चांगलीच आहे. ती वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. ती माझ्या मशीनची नाही. तुम्ही घालण्याआधी नंबर बघितला नाही. मग आकडा विचारला तेव्हा खोटं सांगितलं, आणि मशीन बंद पडलं तेव्हा बोर्डावर ढकललं."

गिऱ्हाइकांत रिया नावाची कॉलेजात शिकवणारी मुलगी होती. तिने पट्टी हातात घेऊन चिपा मोजल्या, छापील पान वाचलं आणि निकेतकडे बघून म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." निकेतने पट्टी परत घेतली, पैसे काउंटरवर टाकले. हातात दिले नाहीत, टाकले.

आम्ही निघणार, तेवढ्यात बाईंची नजर मागच्या फळीवर गेली. चार जुने लॅपटॉप, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. एकीवर लिहिलं होतं, फ्रान्सिस मास्तर, दोडामार्ग.

हे मास्तर बाईंच्या ओळखीचे. निवृत्त, साधा माणूस. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच बाईंना सांगितलं होतं, की मेमरी वाढवायला दिली आणि मशीनच मेलं, आता सुट्या भागांसाठी दुकानातच ठेवलंय. दुकान कुठलं, ते बाईंनी तेव्हा विचारलं नव्हतं.

"त्यात कुठली मेमरी घातली होती?" बाईंनी विचारलं.

"ते डेड मशीन आहे. आणि दुकान माझं आहे, मॅडम."

एसटीत बसल्याबरोबर बाईंनी चिठ्ठ्यांवरची चारही नावं वहीत उतरवली. मग म्हणाल्या, "माझां मशीन वाचलां, कारण माका वाचूक येता. चार जणांनी त्याच्यावर इस्वास ठेवलो, तेंचां काय?"

त्यांनी रविवारी मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर आपले नशिबाला बोल लावत होते.

"नशीब कसलां, मास्तर? नशिबान पट्टी बसवल्यान काय?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी मास्तरांच्या नावाने दोन पानी पत्र टाईप केलं. मशीन कधी दिलं, काय सांगण्यात आलं, मूळ पट्ट्या कुठे आहेत, आठ दिवसांत मूळ स्थितीत मशीन परत न दिल्यास ग्राहक मंचात जाऊ. अर्ज लिहिणं हा त्यांचा धंदाच होता. असं धारदार पत्र मी त्यांच्या हातून त्याआधी गेलेलं पाहिलं नव्हतं. रजिस्टर पोस्टाने गेलं.

सहाव्या दिवशी मास्तरांना दुकानातून फोन आला, की मशीन घेऊन जा, 'दुरुस्त झालंय'. मूळ पट्ट्या परत घातल्या होत्या, दुसरं काही केलं नव्हतं. फळीवरच्या आणखी दोघांना बाईंनी स्वतः कार्डं टाकली. त्यांचीही मशीनं घरी गेली. चौथ्याचा पत्ता लागला नाही.

बाईंना सोळा चिपांची पट्टी जानेवारीत म्हापशाला मिळाली, एका मोडक्या लॅपटॉपमधली. घालू देण्याआधी त्यांनी चिपा मोजून घेतल्या. दुकानदार हसला, पण त्यानेही मग मोजल्या. मशीन चालू केल्यावर आकडे एकशे अठ्ठावीसवर थांबले नाहीत, पुढे पळत दोनशे छप्पनला पोचले. २००९पर्यंत त्यांनी त्यावर अर्ज केले.

मी एकदा म्हटलं, बाय, सगळां मनासारखां झालां, आता तरी तो इषय सोडा. त्या म्हणाल्या, "तो पयल्याच दिसा 'माझां चुकलां' म्हणालो असतो, तर मी पुढच्या गाडीन गपचूप घराक इलंय असतंय. चूक कोणाकडनाय होता. पण माका सांगल्यान काय, तर तुमका कळूचां नाय."

निकेतचं दुकान अजून चालतं. दोन-तीनदा स्टँडवर दिसला मला. चुकलं, असं तो बाईंना आजवर म्हणालेला नाही.