लाल पानांची रांग

नाशिककडच्या एका रोपवाटिकावाल्यानं मला रोगट द्राक्षवेल निरोगी म्हणून विकले. रोपं तपासून दाखला देणाऱ्या साहेबानं ‘विषाणूमुक्त’ म्हणून त्यांना चिठ्ठ्या बांधल्या. आणि त्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवून मी त्याच वेलांच्या काड्या माझ्या साळ्याला दिल्या.

मी रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात हातगाडीवर गुलाबाच्या कुंड्या विकत मोठा झालो. रायपूर राजधानी झालं, नवे बंगले उठले, बंगल्यांना झाडं लागली आणि गाडीची नर्सरी झाली. त्याच सुमारास वाईनचा एक कारखानदार मला म्हणाला, की या नव्या राज्यातली द्राक्षं तो घेईल, पण प्रमाणित वेलांचीच. रोगट वेलाच्या द्राक्षात गोडी भरत नाही, आणि एकदा लावलेली बाग पिढीभर उभी राहायची असते. मला ते पटलं. मी घासाघीस करून वेल आणले आणि नर्सरीमागच्या शेतात लावले. घासाघीस भावाची केली, चिठ्ठीची नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात काळ्या द्राक्षांची रांग लाल झाली. पानं लाल, शिरा हिरव्या, कडा खाली वळलेल्या. शहरातल्या पुरानी बस्तीतून लोक बघायला येत, फोटो काढत. मीही मिरवलं. साळ्यानं त्या काड्यांपासून शेजारच्या दुर्ग जिल्ह्यात लावलेली बागही तशीच लाल झाली, तेव्हा तोही खूश होता. रोपवाटिकावाल्याला फोन केला तर म्हणाला, थंडीनं होतं, मॅग्नेशियम टाका. टाकलं. द्राक्षं आली ती आंबट आणि फिकी.

मग मी चिठ्ठ्या देणाऱ्या कार्यालयाकडंच माझ्या बागेची तपासणी मागितली. आला तोच साहेब, ज्याची सही माझ्या चिठ्ठ्यांवर होती. उन्हासाठी छत्री उघडून रांगेत शिरला आणि वरचे कोवळे शेंडे खुडून पिशवीत भरू लागला. मी आयुष्यभर बाजारात माल घेतला आहे. टोपलीच्या वरचा टमाटर कोणी पाहत नाही, खाली हात घालतात. मी त्याचा हात धरला.

“साहेब, बुडाची लाल पानं सोडून शेंडे काहून खुडून राहिले?”

त्यानं हात सोडवून घेतला. मी पुन्हा विचारलं.

“रोज असंच घेतो,” तो म्हणाला. “कोवळ्या पानात हा विषाणू सहसा हाती लागत नाही. जुन्या पानाच्या देठात लागतो.”

“हे तुमाले तेव्हा माहीत होतं?”

“रोपवाटिकेचा मालक बोलावतो तेव्हा आम्ही जातो. तो छाटणीनंतर बोलावतो. तेव्हा वेलावर जुनं पानच नसतं.”

म्हणजे मालकाला ठाऊक होतं कधी बोलवायचं, आणि साहेबाला ठाऊक होतं काय सापडणार नाही. मी तिथंच एवढा आवाज चढवला की बायको घरातून धावत आली. साहेबाला मी बुडाची पानं घ्यायला लावली. आठवडे गेले. विषाणू निघाला.

त्यावर औषध नाही. वेल उपटायचा आणि जाळायचा, नाहीतर पिठ्या ढेकूण नावाची कीड तो विषाणू शेजारच्या रांगेत घेऊन जाते. मी रोपवाटिकावाल्याला सांगितलं, तर म्हणाला रोग तुमच्या हवेतला. माझ्याच शेतात, दोन ओळी पलीकडे, दुसरीकडून आणलेले वेल हिरवेगार उभे होते. ते या हवेत कसे जगले, असं विचारलं तर फोन ठेवला.

साळ्याला सांगायला मी स्वतः गेलो. तो बांधावर उभा राहून ऐकत होता. मराठी त्याला समजतं, बोलतो हिंदीच, पण त्या दिवशी मराठीत बोलला.

“जीजाजी, चिठ्ठी तुमीच माझ्या हातात दिली होती न?”

परत आल्यावर बायको म्हणाली, “माझ्या भावाले तुमी फसवलं नाही, हे मले माहीत आहे. पण त्याच्या बायकोले कोण सांगणार?”

बाग त्यानं उपटली. तेव्हापासून राखीला तो येतो, माझ्या बायकोकडून राखी बांधून घेतो, आणि माझ्या नर्सरीकडं न बघता परत जातो.

रोपवाटिकावाला लबाड होता, लबाडाकडून मी काही मागत नाही. मी मागतो तुमच्याकडून, साहेब. तुम्हाला कोणतं पान खुडायचं ते माहीत होतं. दुर्गला या, त्या उपटलेल्या रांगेत उभे राहा आणि माझ्या साळ्याला तोंडानं सांगा, की ते पान न तपासता तुम्ही चिठ्ठी का बांधली.