दुधाने धुतलेल्या गोळ्या

सिरसाळ्याजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात सरकीच्या तेलापासून डिझेल करायचं होतं. जुन्या रीतीनं केलं तर ते धुवायला पिंपंच्या पिंपं पाणी लागतं, आणि आमच्याकडे पाण्याची बोंब. म्हणून मी पुण्याहून चुन्यापासून केलेल्या उत्प्रेरकाच्या गोळ्या आणवल्या. तेल त्यांच्यावरून जातं, बदलतं, गोळ्या तशाच राहतात. फक्त त्यांना पाणी लागता कामा नये. हे मी इतक्यांदा सांगितलं की माझाच घसा बसला.

यंत्रावर एक नवराबायको कामाला होते. दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. यंदा आमचा कारखाना चालणार, म्हणून त्यांनी मुकादमाला नाही म्हटलं होतं. पोरीची शाळा एकदा तरी सलग व्हावी, एवढीच त्यांची इच्छा.

खंडेनवमीला मी बीडला घरी गेलो. तेवढ्यात कारखान्याच्या अध्यक्षांनी यंत्रपूजा उरकून घेतली. परतलो तर गोळ्या परातीत, हळदकुंकू लावलेल्या. मी कपाळावर हात मारला. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "पाण्याचा थेंब न्हाई लावला. दुधानं धुतल्या."

दुधात पाणी नसतं, असं या माणसाला कोणी शिकवलं होतं? वर कौतुकानं सांगू लागले की दूध पडताच गोळ्या गरम झाल्या, देव जागा झाला. चुना दुसरं काय करणार? माझा संताप संताप झाला. तरी त्यांनी हट्टानं यंत्र चालू करायला लावलं. खाली डिझेलऐवजी साबणाचा लगदा उतरला. अध्यक्षांनी तो बोटावर घेऊन वास घेतला आणि हा पण विकता येईल म्हणाले. मी यंत्र बंद केलं. बोलून उपयोग नव्हता.

गोळ्या पुन्हा भाजायला पुण्याला गेल्या. दिवाळीनंतर येतील, तोवर थांबा, असं मी त्या दोघांना विनवलं. पण तोवर हाताला काम नव्हतं, आणि मुकादम थांबणार नव्हता.

ट्रक भरताना मी फाट्यावर गेलो. भांडी, सरपण, वर पोरगी बसलेली. तिची आई खाली उतरली.

"साहेब, मास्तरला सांगा, पोरीचं नाव तेवढं काढू नका."

मी सांगतो म्हणालो. मुकादमानं हॉर्न दिला, आणि ती वर चढली.