उरलेलं आवण

आमच्याकडे भाताचं आवण उरलं तर फेकत नाहीत. राबातून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, उपटलेली रोपं, मुळं धुऊन बांधलेल्या त्यांच्या मुठी, खाचर भरल्यावर चार-सहा तरी उरतातच. मग कुणी त्या शेजाऱ्याच्या बांधावर नेऊन ठेवतं, कुणी ओहोळाच्या कडेला हात रुतेल तिथे लावून मोकळं होतं. उपटलेलं रोप उन्हात सुकू द्यायचं नाही, एवढं खरं. पोशेऱ्याकडच्या आमच्या पाड्यावर कुणी तसं केलं तर म्हाताऱ्या दिवसभर बोलत राहतात. माझी आई म्हणायची, उपटलंस म्हणजे त्याला शब्द दिलास. हे माझ्या हाडात इतकं मुरलं होतं की यात विचार करण्यासारखं काही असू शकतं, हे कधी डोक्यातच आलं नाही. आणि त्यापायी मी एका बाईच्या पोटावर पाय दिला.

सात वर्षं झाली. आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपली होती, कापणीला अजून वेळ होता. या मधल्या दिवसांत आमच्याकडे कणगी तळाला गेलेली असते आणि हात रिकामे असतात. मोखाड्याच्या बाजारात एक ठेकेदार माणसं शोधत आला. खाडीच्या तोंडाशी तिवरांची, खारफुटीच्या झाडांची, लागवड करायची होती. “चिखलात उभं राहून रोपं लावता येतात का?” असं त्यानं विचारलं, तेव्हा आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसलो. आमच्या नखांतला आवणीचा चिखल अजून निघाला नव्हता. आमच्या पाड्यावरच्या आणि साखरशेतच्या मिळून वीसेक जणी आणि चार गडी, जीपनं जव्हारला गेलो, तिथून एसटीनं घाट उतरलो. दहावीपर्यंत शिकलेली मी एकटीच, म्हणून मला मुकादम केलं. मला त्याचा गर्व झाला, हेही सांगून टाकते.

खाडीचा चिखल आमच्या खाचरातला नव्हता. खाचरात घोटाभर गेलं की खाली घट्ट जमीन लागते. इथे पहिल्याच पावलाला मी मांडीपर्यंत गेले आणि तोंडावर आपटले. मुकादमीणबाईंचा असा शुभारंभ पाहून काठावर कुणीतरी खळखळून हसलं. साठी ओलांडलेली बाई होती, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, काखेत टोपली. तीच चिखल तुडवत माझ्यापर्यंत आली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “टाच नको रोवू, बाय. बोटांवर चाल. उभी रायलीस तं गेलीस.”

ती माझी मावशी झाली. तिचा नवरा दर्यात बुडून गेला होता, मुलगी दिली होती चार गावं पलीकडे. घरात ती एकटी. जाळी ठेवायची तिची पडवी तिनं आम्हाला झोपायला दिली, प्यायचं पाणी दिलं, आणि पहिल्या संध्याकाळी निवट्यांचं कालवण. चिखलावर उड्या मारणारे ते डोळे वटारलेले मासे आम्ही सकाळीच पाहिले होते. आमच्यातल्या दोघींनी जेवायचं नाकारलं. मी मात्र दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिनं मला काठ्यांच्या पलीकडे नेलं. ठेकेदाराच्या साहेबानं जिथवर लागवड करायची तिथवर बांबूच्या काठ्या रोवल्या होत्या. त्यांच्या खाली पाण्याच्या रेषेपर्यंत नुसता उघडा चिखल पसरला होता, गुळगुळीत, राखाडी, कुठे गवताची काडीसुद्धा नाही. आमच्या डोळ्यांना ते नांगरून, चिखलणी करून तयार ठेवलेलं खाचरच वाटायचं. मावशी तिथे उभी राहिली, पायाच्या अंगठ्यानं चिखल चाचपला, वाकली आणि मूठभर शिवल्या काढून माझ्या ओंजळीत टाकल्या. बंद शिंपल्या, थंडगार, एकीनं माझ्या हातावर पाण्याची चूळ टाकली.

“काठ्यांच्या वर काय लावायचं तं लावा,” ती म्हणाली. “तिवर पायजेच. पण इथं नको. ही माजी भाकर हाय. दिसतं मोकळं, पण मोकळं नाय हे.”

मी म्हटलं, “नाही लावणार, मावशी.” तोंडभरून म्हटलं.

काम झपाट्यानं चाललं. रोपं टेंपोतून यायची, काळ्या पिशव्यांत. ओहोटीचे चार तास काय ते आपले, मग पाणी चढायचं. पिशवी फाडा, रोप काढा, लावा, यात फार वेळ जायचा. एका संध्याकाळी आमच्या बायकांनीच शक्कल काढली. पिशव्या बांधावरच फाडायच्या, मुळांची माती खाडीच्या पाण्यात धुवायची आणि आवणासारख्या मुठी बांधून ठेवायच्या. सकाळी मूठ काखेत मारायची की सुटायचं. मला ते फारच हुशारीचं वाटलं. वीस जणींचे हात वर्षानुवर्षं जे करत आले तेच करत होते, त्यात चुकेल काय?

शेवटच्या दिवशी सकाळी काठ्यांपर्यंतची जागा भरली. साहेबानं दिलेल्या काठीच्या मापानं, एकेक रोप, जसं सांगितलं तसं. आणि बांधावर पाहते तर पस्तीस-चाळीस मुठी उरलेल्या. उरतील ती रोपं टेंपोतून परत पाठवायची असं ठरलं होतं. पण ती पिशवीतली. ही उघड्या मुळांची रोपं टेंपोत घातली असती तर वाटेतच गेली असती. टेंपोही संध्याकाळशिवाय येणार नव्हता. ऊन चढत होतं. पाणी परत फिरलं होतं.

“आवण सुकवायचा नाय,” आमच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली. “कसाला उभ्या? तठ मोकळा पडलाय ना सगळा.”

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मावशी त्या दिवशी मुलीकडे गेली होती. ती असती तर? ती असती तर काय करायचं ते तिनंच ठरवलं असतं आणि मी सुटले असते. ती नव्हती, म्हणून ठरवायची पाळी माझ्यावर आली. मला तिचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण माझ्या हातात हिरवी मूठ होती, तिची पानं माना टाकायला लागली होती, आणि मला वाटलं, एवढी जगतायत कुठली, खोल पाण्यात मरतील आपोआप. निदान आपण सुकवली असं तरी होणार नाही.

मी म्हटलं, “लावा.”

घाई होती, म्हणून मापाची काठी कुणी घेतली नाही. भात लावतो तसा चूड लावला, तीन-तीन रोपं एकत्र धरून अंगठ्यानं आत दाबायची. एक मेलं तर दोन जगतात, म्हणून आम्ही भातही तसंच लावतो. पाणी पोटऱ्यांना लागेपर्यंत सगळ्या मुठी संपल्या. बायका खूश झाल्या. कुणीतरी आवणीचं गाणं म्हटलं. मीही म्हटलं, आणि आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

ती मरतील असं मला वाटलं होतं. बरीचशी मेलीही. पण जी जगली त्यांनी गाळ धरला. गाळ चढला तसा चिखल उंचावला, आणि उंचावला तशी ती आणखी फोफावली. तिवराची मुळं जमिनीतून वर उभी येतात, खिळे ठोकल्यासारखी. त्यांच्यातून पाय टाकता येत नाही, अंगठ्यानं चाचपणं तर दूरच. चिखल घट्ट झाला, आणि शिवल्या गेल्या. थंडीत लांब चोचीचे पक्षी तिथे थव्यानं उतरायचे, तेही खालच्या उरलेल्या पट्ट्यावर सरकले. हे सगळं एका वर्षात झालं नाही. दरवर्षी थोडं थोडं झालं, आणि मी दरवर्षी ते पाहायला गेले.

हो, जात होते. नातं जडलं होतं. मी नाचणी न्यायची, ती मला सुकट आणि बोंबील द्यायची. दरवर्षी मनाशी ठरवायची, या खेपेला सांगायचं. एसटी घाट उतरेपर्यंत शब्द जुळवायची. आणि तिच्या पडवीत बसलं की जीभ रेटायची नाही. ती म्हणायची, “शिवल्या नाय रायल्या गं पयल्यासारख्या.” मग माझ्याकडे पाहत म्हणायची, “दर्यानं बिया आणल्या असतील, नाय?” मी म्हणायची, “असतील.” आणि तिनं दिलेला चहा प्यायची.

तोडून टाकावीत असंही मनात आलं. पण तिवर तोडणं गुन्हा आहे, आणि तो कायदा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. वरच्या बाजूला तिवरं नसती तर मावशीचं अंगण कधीच पाण्यानं कातरलं असतं. झाड चांगलंच होतं. मी ते चुकीच्या जागी लावलं होतं, एवढंच. पण ‘एवढंच’ म्हणून सुटका होते थोडीच! त्या हिरव्या गर्दीचा फोटो मात्र साहेबानं काढला. मोखाड्यातल्या एका कार्यक्रमात तो पडद्यावर दाखवला आणि मला उभं करून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक प्रकार झाला. पाड्याच्या वरच्या उताराला आमचं वरकस आहे. दोन-तीन वर्षं नाचणी-वरई घ्यायची, मग जमिनीला विश्रांती द्यायची, तेव्हा तिथे गुरं चरतात. बाहेरून काही माणसं आली, त्यांनी ते पाहिलं, पडीक आहे असं ठरवलं आणि खड्डे खणायला घेतले. झाडं लावायची होती त्यांना. मी त्यांच्या अंगावर धावून गेले. “दिसतं मोकळं, पण मोकळं नाही हे!” असं ओरडले आणि ओरडता ओरडताच थांबले. हे वाक्य माझं नव्हतं. ज्या बाईचं होतं तिला तर मी हूं की चूं न करता बुडवलं होतं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. लोकांना वाटलं, मी घाबरले.

यंदा भाद्रपदात गेले ती सांगायचंच म्हणून. पहाटेची मोठी ओहोटी होती. मावशी आता थकलीय, एका डोळ्यानं कमी दिसतं, तरी टोपली घेऊन निघाली. आम्ही काठ्यांच्या जागेपाशी आलो. काठ्या केव्हाच कुजून गेल्यात. समोर ती झाडं. खालच्या उरलेल्या पट्ट्यावर तिवराच्या बिया विखुरलेल्या होत्या, साल सुटून हिरव्या झालेल्या, रुजायच्या बेतात.

मी म्हटलं, “मावशी, ही दर्यानं नाही आणली. मी लावली. तू मुलीकडे गेली होतीस त्या दिवशी. तू नको म्हणाली होतीस आणि मी हो म्हटलं होतं.”

ती चालत राहिली. दोन पावलांवर एक खोड होतं, तिथे थांबली. खोड कसलं, एकाच बुंध्यापाशी तीन खोडं, एकमेकांना दाबत वर गेलेली. तिनं त्यांच्यावर हात ठेवला.

“माहीत हाय मना,” ती म्हणाली. “दर्या तीन-तीन लावतो काय, बाय?”

मी पाहिलं. पुढचंही तीन. त्याच्या पुढचं दोन, मधे एकाची वाळकी काडी. जिकडे पाहावं तिकडे आमचे चूड उभे होते. वरच्या बाजूची साहेबाच्या मापाची झाडं एकेकटी, आणि खाली हे, आमच्या हातांनी आमची खूण करून ठेवलेले. मी सहा वर्षं त्यांच्याकडे पाहत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं.

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून रायले.”

“राग नाही आला?”

“आला ना. तुजी नाचणी दोन वर्षं कोंबड्यांना घातली.”

मला रडू फुटलं. तिनं माझी समजूत वगैरे काढली नाही. ती वाकली आणि चिखलावरच्या बिया वेचायला लागली. “मुळं धरली का सरकारचं झाड,” ती म्हणाली. “तवर दर्याचं. उचल.” मीही वाकले. बोटांवर चालत, उभं न राहता, पाणी परत फिरेपर्यंत आम्ही दोघींनी तो पट्टा वेचला. एकही शिवली लागली नाही. तिची टोपली बियांनीच काठोकाठ भरली.

बांधावर आलो. पलीकडे कोरडा, दगडगोट्यांचा उतार होता, दुपारपर्यंत तापणारा. तिनं टोपली माझ्या हातात दिली. बिया टपोऱ्या होत्या, काहींना बारीक पांढरं मूळ फुटलं होतं. माझे हात थांबले.

“टाक,” मावशी म्हणाली.

मी टाकल्या.