लेफ्ट हाफ

हळद मार्केटसमोरच्या हॉटेलात तो रोज डावा पाय लांब करून बसतो. तरुणपणी तो कोलकात्याला पगारी फुटबॉल खेळायचा. गुडघा गेला आणि तो हिंगोलीला परतला.

एकदा कोणी विचारलं, "काका, तुमी कोणत्या जागी खेळायचे?"

"लेफ्ट हाफ," तो ताठ बसून म्हणाला.

"काकाला एक हाफ चहा!" हॉटेलवाला आत ओरडला. चहा आला. सगळे हसले.

मी आता हळदीचा व्यापारी, तरी मला मार्केटात अजून हमालाचं पोरगं म्हणतात, आणि मी दर वेळी भांडतो. मी हॉटेलवाल्याच्या अंगावर धावलो, तर यानंच मला अडवलं.

"जाऊ द्या शेठ. चहा काहून वाया घालवता?" म्हणाला आणि प्यायला.

आता कोणी विचारलं की तो "गोलकीपर" सांगतो. तेवढं सगळ्यांना कळतं.