तोंडातलं तुळशीचं पान

ती केस आठवली की आजही अंगावर काटा येतो. साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीत पोलीस जमादार होतो. शिक्षण जेमतेम चौथी, म्हणून जसं झालं तसंच लिहितो.

इस्पितळात एक बाळंतीण दगावली. रक्त फार गेलं होतं, शुद्ध नव्हती. तेव्हा आजच्यासारखं आयसीयू कुठलं? गंभीर रोग्याची खाट नर्सच्या टेबलाजवळ घ्यायची, हिरवा पडदा लावायचा, शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर उभं करायचं. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, बाई वाचेल. दुपारी नर्स दुसऱ्या रोग्याकडे गेली. परत येते तर बाई मेलेली आणि नाकातली नळी खाली लोंबकळते आहे.

परतवाड्याहून आलेला बाईचा भाऊ ठाण्यात ओरडतच शिरला. "आमच्या जवायानंच नळी काढली, जमादार! पोरगी झाली म्हनून मारलं माह्या बहिनीले!"

मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला. नवरा भाजीचा मळा करणारा. त्याला ठाण्यात बसवला आणि मी दमात घेतला.

"कुठं होता रे तू?"

"रक्त देनारा मानूस पाहाले गेलतो, साहेब."

"खोटं बोलून राहिला तू!"

"माराचं तं मारा. पन पोरगी भुकेली हाय. आधी तिले कोनी दूध पाजा."

खुनी माणूस असं बोलत नाही, असं वाटलं. पण वाटण्यावर तपास चालत नाही. खुनाचं कलम लागलं असतं तर त्याच्या गळ्याला फास होता.

शवविच्छेदनात श्वासनळीत पाणी निघालं आणि तोंडात तुळशीचं पान. मी तडक इस्पितळाच्या फाटकाबाहेरच्या फुलवालीकडे गेलो.

"काल तुळस कोनं नेली वं?"

"बाळंतिनीच्या मायनं. म्या म्हटलं, बुढे, पूजेले काय? तं काई बोललीच नाई."

फिर्यादीचीच आई!

म्हातारी इस्पितळाच्याच व्हरांड्यात नातीला मांडीवर घेऊन बसली होती, बाजूला तो फिर्यादी मुलगा. विचारल्याबरोबर तिनं सांगून टाकलं. लपवण्यासारखं तिला त्यात काही वाटतच नव्हतं.

"म्या नळी काढून तिले भुईवर घेतली, बापा. बाजूच्या खाटीवरच्या बाईनं पायाकडून उचललं. तो लोखंडी नळा आनला म्हंजे मानूस जाते, सारेच म्हनतात. खाटीवर मेली असती तं लेकीले गती भेटली नसती. तुळशीचं पानी पाजलं. मंग परत वर ठेवली, नाईतं नर्सबाई खेकसली असती."

"माय, ते नळीच तिले जगवून राहिली होती. अन् पानी छातीत गेलं."

मुलगा उठून ठाण्याकडे चालू लागला, जावयाकडे. म्हातारीनं विचारलं,

"मंग मले कोनी सांगतलं काहून नाई?"

तिला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. नवऱ्याला सोडला. मारायचा इरादा नव्हता, असा वरून शेरा येऊन कागद बंद झाले. तेव्हापासून माझी रीत बदलली. कोणी केलं हे विचारायच्या आधी मी विचारायचो, तुले काय वाटलं होतं?

मागच्या साली अकोल्यात माझी बायको आयसीयूत होती. काचेबाहेर मेव्हणी रडत म्हणाली, "भाऊजी, आता तं तिले खाली घेऊ द्या. काहून हाल करता?"

मी दारात आडवा उभा राहिलो. कोणाला आत सोडलं नाही. ती खाटेवरच गेली, नळीसकट. लोकांनी तेरवीलाही बोलून दाखवलं. बोलोत.

ती गेल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावरच तिला घरी आणली, भुईवर ठेवली आणि पान तोंडात दिलं. सकाळपासून ते माझ्या खिशातच होतं.