न चालणारा फोटो

मंचरला घरीच बसून मी डिझाइनची कामं करते. लग्नपत्रिका, दुकानांचे लोगो, वाढदिवसाचे फ्लेक्स. एकच गोष्ट चारदा समजावून सांगायचा मला भारी कंटाळा. रेझोल्यूशन, पिक्सेल असला एखादा शब्द फेकला की गिऱ्हाईक गप्प बसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि मी त्याचा सर्रास फायदा घेत होते.

मागच्या वर्षी पेठ गावच्या एका गवंडीकाकांचा फोन आला. बायको वारली होती, बौद्ध रिवाजाप्रमाणे तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोठा फ्लेक्स हवा होता. काकूंचा फोटो त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. अंगणात हसत बसलेल्या. मोठा केला की चेहरा पुसट व्हायचा.

"काका, रेझोल्यूशन कमी आहे. चालणार नाही."

त्यांनी तोच फोटो पुन्हा पाठवला. मग आणखी एकदा. मी वैतागून म्हणाले, "सांगितलं ना, नाही चालत हा."

"बरं ताई," एवढंच म्हणाले. फोटोच्या जागी मी पिंपळाचं पान टाकलं.

यंदा पहिल्या स्मृतिदिनाचा फ्लेक्स करून घ्यायला ते स्वतः घरी आले. समोर बसलेल्या माणसाला फोनसारखं तोडता येत नाही. मी विचारलं, "तो फोटो काढला कशावर होता?"

"तिच्याच मोबाईलवर. पोरानं माझ्यावर धाडला."

"काका, फोटो म्हणजे विटांची भिंत समजा. व्हॉट्सॲपवर पाठवला की निम्म्याहून जास्त विटा वाटेतच गळतात. उरलेल्या विटांत मोठी भिंत कशी उभी राहणार?"

त्यांना लगेच उमगलं. "मंजी समद्या विटा तिच्या मोबाईलमदीच व्हत्या."

"हो. तो मोबाईलच आणा, मी त्यातून घेते." मला हलकं वाटलं. वर्षापूर्वीची चूक आता निस्तरता येईल असं वाटलं.

काकांनी नकारार्थी मान हलवली. "त्यातलं समदं पुसून त्यो नातीला दिला अभ्यासाला. पोरगा इचारत व्हता, आईचा फोटो ठिवायचा का. मीच म्हणलं, नको. ताई म्हणल्यात, त्यो चालत न्हाई."

दोन वाक्यांचं काम होतं. तेवढी मी वर्षापूर्वी बोलले असते तर काकू फ्लेक्सवर हसत असत्या. मला रडू आवरेना. काका उठले, माझ्याच माठातलं पाणी त्यांनी मला आणून दिलं.

"पानच टाका ताई," ते म्हणाले. "पान बी चांगलं दिसतं."